ठिपक्याएवढी इमारत

४ मार्च, सोमवार

नवी वही, नवी नोकरी आणि नवरा दोन जिने वर. इतकी सोयीची नोकरी आजवर कुणाला लागली नसेल.

झालं असं की महिन्यापूर्वी आमची स्वारी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत डोकवायला शिडीवर चढली. शिडी सरकली. खुबा आणि मांडीचं हाड, दोन्ही गेलं. या हाडांच्या हॉस्पिटलात त्याच्या पायाला वजनं टांगून ठेवली आहेत आणि अजून सहा आठवडे कूससुद्धा बदलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. याच हॉस्पिटलची नवी इमारत शेजारच्या मैदानात उभी राहायची आहे. तिचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल सांभाळायला माणूस हवा होता, तो माणूस मी. सासूबाई फोनवर म्हणाल्या की देवानेच जुळवून आणलं. मी म्हटलं, त्यापेक्षा त्याने शिडी धरली असती तर बरं झालं असतं.

ऑफिस तळमजल्यावर, जुन्या एक्स-रेच्या खोलीत. तीन कॉम्प्युटर, नकाशे छापायचा एक प्लॉटर आणि कधीच न उघडणारी खिडकी. मोठे साहेब आठवड्यातून दोनदा येतात. रोजचा सोबती एकच, त्याला सगळे मोजपट्टी म्हणतात. खिशात कायम टेप असते आणि चहाचा कप टेबलाच्या कडेपासून किती अंतरावर ठेवावा यावरही त्याचं ठाम मत आहे. माणूस भला वाटला.

इथे कॉम्प्युटर कधी बंद करत नाहीत आणि मॉडेलची फाइलही मिटत नाहीत. माझ्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती: चाक दोनदा दाबू नये. आधीच्या बाईचं अक्षर, असं मोजपट्टी म्हणाला. माऊस बिघडला असेल असं समजून मी माझा घरचा माऊस जोडला आणि चिठ्ठी काढून टाकली.

६ मार्च, बुधवार

काम आवडतंय. मॉडेल म्हणजे अख्खी इमारत कॉम्प्युटरात उभी, आम्ही बसतो ती जुनी आणि शेजारी व्हायची ती नवी. तिच्यात हिंडायचं ते माऊसच्या चाकावर. फिरवलं की जवळ-लांब, दाबून ओढलं की डावी-उजवीकडे, शिफ्टची कळ धरून ओढलं की इमारत गोल फिरते. हिंडता हिंडता कधी आपण भिंतीच्या पोटात घुसतो आणि सगळा पडदा करडा होतो. घाबरायचं नाही. चाक पटपट दोनदा दाबायचं, की मॉडेलमध्ये जे जे काही आहे ते सगळं मावेल इतकं लांब नेऊन प्रोग्राम आपल्याला उभं करतो. पहिल्या नोकरीपासून माझ्या बोटाला ही खोड आहे. मी दाबते हेही मला कळत नाही.

इथली पद्धत मात्र न्यारी. कुणी हिंडतच नाही. डावीकडच्या यादीत दोनशे चौदा व्ह्यू, म्हणजे ठरलेली दृश्यं, नावं देऊन साठवलेत. दुसरा मजला प्लॅन, जिना सेक्शन, शस्त्रक्रिया विभाग कॅमेरा. जिथे जायचं त्याचं नाव निवडायचं, काम करायचं, परत. घरातल्या घरात रिक्षाने फिरावं तसं.

दुपारी लॅपटॉप घेऊन वर गेले. स्वारीला एकच चिंता, खिडकीतून दिसणारं मैदान नव्या इमारतीने झाकलं जाईल का. मी मॉडेलमध्ये त्याच्याच खोलीत, त्याच्याच उशीवर कॅमेरा, म्हणजे बघायची जागा, ठेवला आणि त्याला दाखवलं की मैदानाचा उजवा तुकडा राहतोय. मग ऐट करायला गेले आणि भिंतीत घुसले. बोटाने आपलं काम केलं, चाक दोनदा दाबलं.

इमारत गेली कुठे तेच कळेना. मग पांढऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात खसखशीएवढा ठिपका दिसला. तीच आमची इमारत. तो म्हणाला, एवढ्याशा खोलीत मला कोंडलंय होय. आम्ही खूप हसलो. कामातल्या माणसाला याचं नवल नाही. कुणाच्या तरी चुकीने एखादी वस्तू फार लांब जाऊन पडलेली असते आणि तीही मावायला हवी म्हणून बाकी सगळं बारीक होतं. शोधून काढायला हवी.

त्याला वेळ जात नाही म्हणून चाक कसं वापरायचं ते शिकवलं. लॅपटॉप त्याच्याजवळच राहू दिला. मला खाली काम असतं तेव्हा त्याला काहीतरी चाळा हवा.

७ मार्च, गुरुवार

मोजपट्टीला ठिपक्याचं सांगितलं. असू दे, यादीतूनच जात जा, इतकंच म्हणाला. आधीच्या बाईने शिस्त लावून दिली आणि सगळे पाळतात, का ते त्यालाही ठाऊक नाही.

दुपारी सवयीने पुन्हा दाबलं गेलं. इमारत आज मोहरीएवढी दिसली. कुणीतरी ती वस्तू अर्धी-मुर्धी आत आणली असेल. बरं झालं, माझं काम वाचलं.

९ मार्च, शनिवार

वस्तू सापडली.

चाक दोनदा दाबलं, इमारत मुगाएवढी. मग मॉडेलमधलं सगळं निवडलं आणि निवडीतून इमारत वगळली. खाली आकडा उरला एक. त्या एकावर जवळ जवळ जात राहिले. बराच वेळ नुसतं पांढरं, आणि मग तो दिसला.

पुतळा होता. आम्ही चित्रात माणसं ठेवतो ना, दाराची उंची कळावी म्हणून, त्यांना पुतळे म्हणतात. पुठ्ठ्यातून कापल्यासारखे सपाट, करडे, बिनचेहऱ्याचे. हा एकटाच मोकळ्यात उभा, जमिनीपासून थोडा वर. तोंड नसलं तरी कुणीकडे बघतोय ते कळतं. इमारतीकडे. उशीवरच्या माझ्या कॅमेऱ्यापासून मोजलं तर सोळाशे मीटर भरलं.

पुसायला गेले तर पाटी आली की ही वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याने सोडल्याशिवाय हात लावता येणार नाही. नाव आधीच्या बाईचं. आमच्यात एकाच मॉडेलवर अनेक जण काम करतात, तेव्हा वस्तू अशी अडकून राहते. नोकरी सोडताना लोक ताबा सोडायला विसरतात. सोमवारी तिचा फोन नंबर काढते.

११ मार्च, सोमवार

सकाळी बोट पुन्हा चुकलं. पण दाबल्यावर इमारत जवळजवळ तळहाताएवढी आली आणि मला ते आवडलं नाही. अंतर मोजलं. दोनशे मीटर. शनिवारी सोळाशे होतं. मोजपट्टीने शपथ घेऊन सांगितलं की त्याने पुतळ्याला हात लावलेला नाही, लावताच येत नाही.

वर जेवण घेऊन गेले. गप्पा मारता मारता स्वारी म्हणाली की मैदानाच्या टोकाला एक माणूस सकाळपासून उभा आहे, टेकाडावर. काय बघतोय कुणास ठाऊक, मजूर असेल.

मी खिडकीतून पाहिलं. मैदानात कुणी नव्हतं. टेकाडही नाही, जमीन परातीसारखी सपाट आहे.

त्याला म्हटलं, असेल मजूर, आणि ताट वाढायला घेतलं.

१२ मार्च, मंगळवार

आधीच्या बाईशी फोनवर बोलले. नाव सांगताच तिने विचारलं की किती राहिलंय. मी म्हटलं दोनशे. मग तिने जे सांगितलं ते तसंच लिहून ठेवते.

चाक दोनदा दाबलं की ते अर्ध्या अंतरावर येतं. प्रत्येक वेळी, कुणीही दाबलं तरी. पहिल्यांदा ज्या कॅमेऱ्यातून सगळं मावेल असं बघितलं, तिकडे ते निघतं. नंतर कॅमेरा पुसून उपयोग नाही, तिने पुसून पाहिला होता. तिचा भाऊ इथेच तिसऱ्या मजल्यावर होता. भावाच्या कागदावर हृदय थांबलं असं लिहिलंय. त्यानंतर ते पुन्हा लांब जाऊन उभं राहिलं. म्हणून तिने व्ह्यूंची यादी केली, चिठ्ठी लावली, पुतळा स्वतःच्या नावावर अडकवून ठेवला आणि गेली. ताबा तिलाही सोडता येत नाही. पोचायच्या आत माणसाला तिथून हलव, असं दोनदा म्हणाली.

फोन ठेवला आणि हिशोब केला. दोनशेला यायला तीनदा दाबलं गेलं. माझं एकदा. मग दोनदा कुणी?

जिना चढून वर गेले. स्वारी लॅपटॉपवर. कौतुकाने दाखवू लागला की आता त्याला सगळं येतं, जिन्यातूनही जाता येतं, आणि हरवलं तर काय, मी शिकवलेलं आहेच. माझ्यादेखत दाबलं. सकाळपासून तिसऱ्यांदा, असं म्हणाला.

पंचवीस मीटर.

त्याने हसून विचारलं की नव्या इमारतीची परांची इतक्यात बांधली का, कारण तो माणूस आता परांचीवर उभा आहे, अगदी खिडकीच्या उंचीला. बाहेर अजून पाया खणलेला नाही. मी पाहिलं तर हवेत एक उभी बारीक रेघ दिसली, केसाएवढी. मग वाकून माझा गाल त्याच्या उशीवर टेकवला. तिथून पूर्ण दिसतो.

१३ मार्च, बुधवार

लॅपटॉप खाली आणला. त्याला खोटं सांगितलं की ऑफिसला हवाय. खरं सांगणार होते. पण ज्याला उठता येत नाही, कूस बदलता येत नाही, त्याला सांगून तो काय करणार? पडल्या पडल्या बघत राहणार. मला ते जमलं नाही.

डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, हाड जुळायला लागलंय, आता शेजारच्या खोलीत हलवणं म्हणजेसुद्धा केलेलं सगळं पाण्यात. मी पाय धरायचे बाकी ठेवले. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलची वजनांसकट नेणारी अॅम्ब्युलन्स सोमवारी दुपारी बारा वाजता मिळेल. त्याआधी नाही. जबाबदारी माझी, असं लिहून सही दिली. सासूबाई फोनवर खूप बोलल्या. बोलू देत.

माझा माऊस कचऱ्यात टाकला. मोजपट्टीला सगळं सांगितलं, तो हसला नाही. त्यानेही स्वतःच्या माऊसचं चाक काढून खिशात ठेवलं. कुणी दाबलं नाही तर पंचवीसच राहील. कुणी दाबणार नाही.

त्याच्या पलंगाला खिडकीच्या बाजूने पडदा लावून घेतला. उन्हाची तिरीप येते असं सिस्टरला सांगितलं.

१५ मार्च, शुक्रवार

साडेदहाला वीज गेली. तिन्ही कॉम्प्युटर बंद.

वीज आल्यावर आपोआप चालू झाले, फाइलही आपोआप उघडली. उघडताना प्रोग्राम सगळं मावेल असंच दाखवतो. तीन कॉम्प्युटर. एक, दोन, तीन. आम्ही दोघं बघत उभे. वायरी उपटेपर्यंत झालं होतं.

हिशोबाने उशीपासून तीन मीटर बारा.

म्हणजे खोलीच्या आत.

वर गेले तेव्हा सिस्टर खिडकी लावत होती. गारठा कुठून येतोय म्हणून दंड चोळत होती. स्वारी म्हणाली, पडद्याआड कोण उभं आहे, त्यांना बसायला खुर्ची दे.

मी उशीवर डोकं टेकलं नाही.

१६ मार्च, शनिवार

मोजपट्टी धीर द्यायला वर आला. म्हणाला, अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, असं कितीही केलं तरी काहीतरी उरतंच, म्हणजे ते कधी पोचणारच नाही. कागदावर मांडून दाखवत होता. मांडता मांडता थांबला. मलाही त्याच वेळी आठवलं. एक मिलिमीटरच्या आतलं अंतर हा प्रोग्राम धरत नाही. शून्य मानतो, टेकलं असं समजतो.

त्याने मोजलं. बारा वेळा. बाराव्याला टेकेल.

सगळे कॉम्प्युटर बंद. वायरी माझ्या पिशवीत. सोमवार बारापर्यंत एवढंच करायचंय.

१७ मार्च, रविवार

साहेबांचा फोन. उद्या अकराला विश्वस्त येणार. मॉडेल दाखवायचंय. साहेबांनी घरी फाइल उतरवून घेतली आहे, दुपारभर सराव केला म्हणाले. भिंतीत घुसायला होतं. चाक दोनदा दाबलं की सुटका होते, छान सोय आहे म्हणाले.

मी विचारलं, किती वेळा दाबलं.

दहाएक वेळा.

त्यांच्याकडून फाइलवर अंतर मोजून घेतलं. तीन मिलिमीटर. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, नवऱ्याचं आजारपण, समजू शकतो, उद्यानंतर आठ दिवस रजा घ्या. पण उद्या याच. बैठकीच्या नोंदी तुम्हीच घ्यायच्यात.

दोन राहिले. दोनच.

स्वारीला सगळं करडं दिसतंय. डोळ्यांपुढे काहीतरी धरल्यासारखं. डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले, डोळे चांगले आहेत म्हणाले.

दुपारी म्हणाला, सरक ना जराशी, किती रेलतेस अंगावर. मी दाराशी उभी होते.

१८ मार्च, सोमवार. सकाळ

अॅम्ब्युलन्स निघाली. फोन केला. बाराच म्हणतात, आधी नाही जमत.

साहेबांना जिन्यात अडवलं. हात जोडले. चाक दाबणार नाही असं कबूल केलं त्यांनी. हो हो म्हणाले, घाईत होते.

ऑफिसातले कॉम्प्युटर बंद, वायरी मी लपवल्या आहेत. बैठक होणारच नाही असं वाटलं होतं. पण विश्वस्तांना रुग्णाच्या उशीवरून दिसणारा देखावा बघायचाय. तो कॅमेरा कुणी केला? मीच. म्हणून बैठक वर. आमच्या खोलीत.

अकरा वाजून पाच

चार विश्वस्त, साहेब, सिस्टर. साहेबांचा लॅपटॉप, फाइल कालपासून उघडीच, स्वारीच्या जेवणाच्या फळीवर, त्याच्या छातीसमोर. साहेबांचा माऊस. चाक असलेला. मी कोपऱ्यात, नोंदी घ्यायच्या म्हणून वही उघडी. हीच वही.

स्वारी खुशीत आहे. इतकी माणसं आली भेटायला. दिसत काहीच नाही म्हणतोय, नुसतं करडं, पण आवाज ऐकून हसतोय.

अकरा दहा

साहेब प्रवेशद्वारातून नीट गेले. जिना. दुसरा मजला. विश्वस्तांनी विचारलं, गच्ची दिसेल का. वळले — भिंतीत — त्यांनी दाबलं. बोलता बोलता दाबलं. मी ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेब म्हणाले, बसा, नोंद घ्या.

एक राहिला.

स्वारी म्हणते, श्वास जड येतोय, उशी काढा. सिस्टर उशी काढतेय. उशी नाही ती.

पन्नास मिनिटं. फक्त पन्नास मिनिटं हवीत.

मोजपट्टी दारात आला, वायर ओढायला पुढे झाला. लॅपटॉप बॅटरीवर आहे. साहेब त्याला रागावतायत. माऊस फळीवर तसाच. स्वारीच्या हाताशी.

मी त्याला सांगायला हवं होतं. बुधवारीच सांगायला हवं होतं.

कुणीतरी विचारलं, पडदा पुन्हा करडा का झाला. साहेब पुन्हा भिंतीत. हात लावू नका म्हणते मी — कुणी ऐकत —

स्वारी हसली. म्हणाला, द्या इकडे साहेब, दिसत नसलं तरी बोटाला माहीत आहे, हिनेच शिकवलंय. करडं झालं की चाक दोन —